झेनचे ब्रेक आणि निफाडची थंडी : कामाच्या नोंदी

गाडी जुनी मारुती झेन. ९९३ सीसीचं इंजिन काढून त्याच गिअरबॉक्सला मोटर जोडली आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे २४ सेल, ७६.८ व्होल्ट, अर्धे मागच्या सीटखाली आणि अर्धे डिकीत. ब्रेक मूळचेच : पुढे डिस्क, मागे ड्रम, मध्ये व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा. ही गाडी रस्त्यावर चालत नाही. निफाडजवळ सासरच्या द्राक्षबागेत, खासगी जमिनीवर, क्रेट आणि पाइप वाहायला ती वापरतात. आपली गाडी रस्त्यावर न्यायची असेल तर ए.आय.एस. १२३ प्रमाणे मंजूर झालेलं किट आणि आरटीओची नोंद लागते. तो वेगळा विषय आहे, इथे तो घेत नाही.

काम हाती घेण्याचं कारण असं. गेल्या जानेवारीत भल्या पहाटे भाऊजी बागेला पाणी सोडायला निघाले. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून तिथे पहाटेच ठिबक चालू करतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात. कादवा नदीच्या बाजूच्या उतारावर पेडल एकदम कडक झालं, गाडी थांबेना. हँडब्रेक ओढून थांबवली. दुपारी ऊन आल्यावर तीच गाडी तोच उतार नीट उतरली. थंडीचा दोष उन्हात सापडत नाही, म्हणून या वर्षी गाडी आधीच ठाण्याला आणली आणि इथे थंडी शोधली.

९ नोव्हेंबर, वागळे इस्टेट

आधी जसं आहे तसं मोजून घेतलं. बूस्टरच्या पाइपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्यूम गेज बसवला. पेट्रोल गाडीत इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्ड (इंजिनची हवा ओढणारी नळी) साधारण १८ ते २० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम देतो (आकडा मोठा तेवढा व्हॅक्यूम जास्त), बूस्टर त्याच हिशेबाने बनवलेला असतो. इंजिन काढलं की हा फुकटचा व्हॅक्यूम गेला. त्याऐवजी आमच्याकडे होता १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप, पीव्हीसी पाइपचा बंद केलेला तुकडा टाकी म्हणून, पारदर्शक जाळीदार पीव्हीसी नळी आणि एक व्हॅक्यूम स्विच : १६ इंचाला पंप चालू, २२ ला बंद.

शेडमध्ये ३१ अंश तापमान. पंप २२ पर्यंत चढायला वेळ घेतो, पण चढतो. पंप बंद ठेवून पेडल दाबलं : २२, १७, १३, ९. चौथ्या दाबाला पेडल कडक. म्हणजे गरम हवेतसुद्धा साठा जेमतेम. मिस्त्रींनी काटा बघून एवढंच म्हटलं की पंप आणि बूस्टरच्या मध्ये काही उरतच नाही, पंप दमला की गाडी दमली.

वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलली. एकूण वजन मूळ गाडीच्या जवळपासच आहे, पण पुढचा भार कमी झाला आणि मागचा वाढला. त्यामुळे मागचे लायनर आणि ड्रम या वेळी नीट बघायचे ठरवले.

१५ नोव्हेंबर, तुर्भे

ठाण्यात थंडी कुठून आणणार? माझा आतेभाऊ तुर्भे एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. वाशीच्या एपीएमसीमुळे त्या पट्ट्यात फळांची भरपूर कोल्ड स्टोरेज आहेत. सफरचंदाच्या खोल्या शून्य ते २ अंशांवर चालतात. मालकांनी एकच प्रश्न विचारला, धूर निघतो का? निघत नाही, म्हणून परवानगी मिळाली. रिकाम्या खोलीत, २ अंशांवर, आदल्या दुपारपासून आज सकाळपर्यंत गाडी ठेवली. गाडी फ्लॅटबेडवर नेली.

सकाळचं चित्र :

पंप सुरू झाला, पण १४ इंचांच्या पुढे जाईना. १२ व्होल्टची बॅटरी स्कूटरची, ७ अँपिअर-अवर. पंप सुरू होताच ती १०.८ व्होल्टवर आली. नळीला हात लावला तर ती कडक, वाकत नाही. मऊ पीव्हीसी थंडीत ताठ होतं हे माहीत होतं, पण निप्पलवरची (नळी ज्या तोंडावर चढवतात त्यावरची) पकड किती सुटते ते इथे दिसलं. नळी हलवली की सांध्यातून हवा ओढल्याचा आवाज येई आणि गेजचा काटा खाली येई. क्लिप आवळल्या तरी फरक नाही, कारण ताठ नळी निप्पलच्या खाचांमध्ये बसतच नव्हती.

म्हणजे थंडीत एकाच वेळी तीन गोष्टी होत होत्या : बॅटरी दबली, पंप मंदावला, गळती वाढली. यातली एकच असती तर गाडी निभावून नेली असती.

लोडिंगच्या उतारावर अजून एक गोष्ट झाली. अॅक्सिलरेटर सोडला, गाडीला हिसका बसला आणि कंट्रोलरवर (मोटरला वीज सोडणाऱ्या यंत्रणेवर) ओव्हरव्होल्टेजचा दोष आला. मोटर काही सेकंद मेली. हा धागा वेगळा, खाली १ डिसेंबरच्या नोंदीत लिहिते.

१५ नोव्हेंबर, त्याच दिवशी, दहानंतर

गाडी खोलीतून बाहेर नवी मुंबईच्या दमट हवेत आली आणि सगळीकडून निथळायला लागली. काचा, बॉनेट, डिस्क, कनेक्टर, फ्यूज बॉक्स, सगळं ओलं. दुपारपर्यंत चारही चाकांवर गंजाची पिवळी पुटी. टाकी सोडवून उलटी केली तर आतून पाण्याचे थेंब पडले.

हे महत्त्वाचं आहे. ब्रेक दाबताना बूस्टर दर वेळी बाहेरची हवा आत घेतो, ती हवा नंतर पंपाकडे जाते. हवा दमट आणि लोखंड थंड असेल तर पाणी आत सुटणारच. निफाडला डिसेंबरात दव पडतं, तिथेही हेच होत असणार. थंडीपेक्षा दवाचा त्रास जास्त, असं माझं मत इथे बनलं आणि पुढची बरीच कामं त्यावरून ठरली : टाकीला खाली ड्रेन कॉक, पंप टाकीपेक्षा उंचावर, पंपाचं हवा सोडणारं तोंड खाली वळवलेलं.

आतेभावाने जुना नॉन-रिटर्न व्हॉल्व (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) पाण्यात बुडवून, झटकून, उणे १८ च्या खोलीत ठेवला. संध्याकाळी तो उघडाच गोठला होता, दोन्ही बाजूंनी फुंकर जात होती. निफाडला इतकी थंडी नसते. पण कोणी हिमाचल किंवा लडाखसाठी गाडी करत असेल त्याने हे ध्यानात ठेवावं : उघडा गोठलेला व्हॉल्व म्हणजे पंप बंद पडताच सगळा व्हॅक्यूम गेला.

१९ नोव्हेंबर

नळी बदलली. मुंबईच्या नागदेवी बाजारात जाऊन कापडी पदर असलेली जाड भिंतीची रबर होज आणली, पेट्रोल गाड्यांच्या बूस्टरला असते तीच. पितळी निप्पल नवे, स्क्रूच्या क्लिपा. सगळे मिळून ९०० रुपये. नळीची लांबी निम्म्यावर आणली कारण टाकी आता फायरवॉलजवळ (बॉनेट आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) येणार.

गळतीची परीक्षा अशी घेतली : २२ पर्यंत चढवायचं, पंप बंद, चहा प्यायला जायचं, अर्ध्या तासाने काटा बघायचा. जुन्या नळीवर काटा निम्म्यावर आलेला असे. नव्या नळीवर २२ चा २१ झाला. उरलेला एक इंच बूस्टरच्या मूळ व्हॉल्वच्या रबरी ग्रोमेटमधून जात होता. ग्रोमेट बदलल्यावर काटा जागचा हलला नाही.

२४ नोव्हेंबर

डायफ्रॅम पंप काढला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून गाडीतून निघालेला व्हेन पंप (फिरत्या पात्यांचा) घेतला, ३,२०० रुपये. दुकानदाराने बॅटरीवर चालवून दाखवला, मी गेज सोबत नेला होता, तो लावून बघितला : २४ इंच. गेज न लावता असा पंप घेऊ नये. व्हेन झिजलेला पंपही आवाज तसाच करतो.

पहिल्या दिवशी पंप थेट चॅसिसला बोल्ट केला. पूर्ण गाडी घुमू लागली, डॅशबोर्डवर बोट ठेवलं तरी जाणवे. इंजिनचा आवाज नसलेल्या गाडीत हे फार ऐकू येतं. आतला माणूस वैतागून पंप बंद करून टाकेल ही खरी भीती. जुन्या रेडिएटरचे रबरी माउंट लावले, आता ठीक.

वायरिंग नव्याने : बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिले, तिथून पंप. आधी पंपाची वायर डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या (मुख्य बॅटरीची वीज १२ व्होल्टवर आणणाऱ्या यंत्राच्या) आउटपुटवरून घेतली होती. मुख्य बॅटरी तुटली की कन्व्हर्टर मरतो, आणि नेमका ब्रेक लागायच्या वेळी पंपही मरतो. ब्रेकचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवरच हवा आणि ती बॅटरी गाडीची हवी, स्कूटरची नाही. ३५ अँपिअर-अवरची घेतली, ३,८०० रुपये.

२८ नोव्हेंबर

टाकी. सहा इंची एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना पत्रा वेल्ड, साडेतीन लिटर. वर दोन निप्पल, खाली ड्रेन कॉक. वेल्डिंग, कॉक, रंग मिळून १,४०० रुपये.

टाकीने आठवडा खाल्ला. वेल्डमध्ये सुईएवढं भोक राहिलं होतं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायची सवय इथे चालत नाही, कारण व्हॅक्यूम पाणी आत ओढतो, बुडबुडा बाहेर येत नाही. शेवटी टाकीत कॉम्प्रेसरने थोडी हवा भरली, बादलीत बुडवली, तेव्हा भोक दिसलं. पुन्हा वेल्ड, पुन्हा रंग. ज्यांना टाकी करायची आहे त्यांनी गाडीवर चढवण्याआधी बादलीत बुडवून घ्यावी.

नॉन-रिटर्न व्हॉल्व आता दोन : एक पंप आणि टाकीच्या मध्ये, दुसरा बूस्टरवरचा मूळचा. पंप बंद ठेवून पेडल दाबलं : २२, २०, १८, १६, १४. पाचव्या दाबालाही पाय हलका.

दुसरा व्हॅक्यूम स्विच १२ इंचाला लावला. त्यावर बझर आणि लाल दिवा. वायरिंग असं की व्हॅक्यूम चांगला असताना स्विच सर्किट बंद ठेवतो आणि एक छोटा रिले ओढून धरतो. व्हॅक्यूम गेला किंवा वायर तुटली, दोन्ही वेळी बझर वाजतो. दोन्ही स्विच मिळून १,१०० रुपये. सगळ्या कामात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा बझर. गेल्या जानेवारीत तो असता तर भाऊजी उतारावर गेलेच नसते.

१ डिसेंबर, रिजनची नोंद

आता हिसक्याबद्दल.

अॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर होते, गाडी मंदावते, थोडी वीज बॅटरीत परत जाते. हेच रिजन, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. चालवणाऱ्याला याची फार लवकर सवय होते. भाऊजी आठवडाभरात उतारावर ब्रेकवर पाय ठेवायचे बंद झाले होते, रिजनवरच गाडी उतरवत.

पण लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल शून्याच्या खाली चार्ज करायचा नसतो. लिथियम आत न शिरता इलेक्ट्रोडवर धातू म्हणून साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणून बीएमएस (बॅटरीच्या सेलची राखण करणारं सर्किट) थंडीत चार्जिंग तोडतो. आमचा बीएमएस ५ अंशांवर लावलेला आहे. रिजन म्हणजे चार्जिंगच. बीएमएसने दार लावलं की मोटरकडून येणाऱ्या विजेला जागा राहत नाही, कंट्रोलरवर व्होल्टेज चढतं, कंट्रोलर दोष दाखवून बंद होतो. तुर्भ्याच्या उतारावर नेमकं हेच झालं : सेन्सर कडेच्या सेलवर होता आणि ४ अंश दाखवत होता.

दुसरं कारण त्याहून साधं. रात्रभर चार्ज होऊन बॅटरी पूर्ण भरलेली असते, तेव्हाही रिजनला जागा नसते. म्हणजे पहाटेची पहिली फेरी, जेव्हा पंप थंड, नळी ताठ, डिस्क ओली, त्याच वेळी रिजनही नाही. आणि दुपारी सगळंच ठीक. ज्याला रिजनची सवय झाली त्याचा पाय पहाटे रिकाम्यावर पडतो.

रिजन हा ब्रेक नाही. तो मिळाला तर बॅटरी थोडी जास्त चालते आणि लायनर थोडे जास्त टिकतात, बस. पायाचा ब्रेक असा हवा की रिजन कधी नव्हतंच असं धरून गाडी थांबली पाहिजे.

केलेले बदल : बीएमएसकडून चार्जिंगला परवानगी आहे की नाही ती वायर कंट्रोलरच्या रिजन बंद करणाऱ्या पिनला रिलेमार्फत दिली. आता बीएमएस दार लावण्याच्या आधी कंट्रोलर रिजन स्वतः थांबवतो. ८ अंशांच्या खाली रिजन बंद. चार्जर ९० टक्क्यांवर थांबवला. तापमान सेन्सर कडेला एक आणि मधल्या सेलवर एक, जो थंड असेल त्याचं ऐकायचं. डॅशवर पिवळा दिवा : पेटला म्हणजे रिजन बंद. आणि गरम हवेतही रिजनचा करंट निम्म्यावर आणला, म्हणजे सकाळची आणि दुपारची गाडी पायाला फार वेगळी लागू नये. यामुळे एका चार्जवरचा पल्ला थोडा कमी झाला. मला चालतं.

भाऊजींना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, उतारावर फुकट चार्जिंग व्हायचं ते गेलं का?" मी म्हटलं, निम्मं गेलं, पण हिसका पूर्ण गेला.

६ डिसेंबर

ब्रेक ऑईल. सगळ्यांनी पहिला संशय यावरच घेतला होता, म्हणून तपासलं. थंडीत ऑईल घट्ट होतं हे खरं, पण त्याचे मानक उणे ४० अंशांवर तपासलेले असतात. तिथे डॉट ४ दर्जाच्या ऑईलची मर्यादा १,८०० आणि डॉट ५.१ ची ९०० सेंटिस्टोक्स (घट्टपणाचं माप, आकडा मोठा तेवढं ऑईल घट्ट). ५ अंशांवर एवढ्या छोट्या गाडीच्या पाइपमध्ये घट्टपणाने ब्रेक अडत नाही. निफाडच्या थंडीचा दोष ऑईलवर टाकता येणार नाही. उणे २०-३० च्या प्रदेशात मात्र ५.१ घेण्यात अर्थ आहे.

तरीही ऑईल बदललं, कारण ते चहाच्या रंगाचं झालं होतं. ग्लायकॉलचं ऑईल हवेतलं पाणी पितं, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तर जास्तच. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. शिवाय पाणी सिलिंडर आतून गंजवतं. जुनं डॉट ३ काढून डॉट ४ भरलं, चारही चाकांची एअर काढली, आधी मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक. ६०० रुपये. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. नावावरून ५.१ आणि ५ एकच वाटतात, दुकानात नीट बघून घ्यावं.

मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर पाझरत होता. लायनरला ऑईल लागलेलं. किट आणि लायनर, ८५० रुपये. ड्रम लेथवर घासून घेतला.

९ डिसेंबर

हँडब्रेक. याकडे मी आधी फार लक्ष देणार नव्हते, मिस्त्रींनी भाग पाडलं. पेट्रोल गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवली की इंजिनचं कॉम्प्रेशन तिला धरून ठेवतं. मोटरला कॉम्प्रेशन नसतं. गिअरमध्ये ठेवली तरी गाडी सरकते. म्हणून या गाडीत हँडब्रेक हाच उभं राहण्याचा एकमेव आधार.

आणि नेमकी तिथेच दवाची अडचण. ओल्या ड्रमवर लायनर रात्रभर दाबून ठेवले तर ते गंजाने चिकटतात. सकाळी गाडी हलत नाही, किंवा झटक्याने सुटते. केबलच्या आवरणात पाणी होतं, ती ओढली तरी परत येत नव्हती. केबल बदलली, ४५० रुपये, दोन्ही टोकांना रबरी बूट आणि ग्रीस.

वापराचा नियम असा ठरवला : शेवटच्या फेरीला शेडकडे येताना दोन-तीन वेळा ब्रेक जरा जोरात लावायचे म्हणजे डिस्क आणि ड्रम तापून कोरडे होतात. रात्री सपाट जागी, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक मोकळा. पहाटे निघताना शेडच्या दारातच पेडल दाबून बघायचं, दिवे बघायचे, मग उतार.

रिजन कमी करण्याचा आणखी एक फायदा इथे दिसतो. रिजनवर जास्त चालणाऱ्या गाडीत डिस्क घासलीच जात नाही, गंज साचत जातो. रोज थोडा ब्रेक लागला पाहिजे.

१३ डिसेंबर, पुन्हा तुर्भे

तीच खोली, तेच २ अंश, तेवढाच वेळ. सकाळी १२ व्होल्टची बॅटरी पंप सुरू होताना ११.९ वर गेली, खाली नाही. पंप २२ पर्यंत चढला. नळी हलवली, काटा स्थिर. पिवळा दिवा पेटलेला, लोडिंगच्या उतारावर अॅक्सिलरेटर सोडला, हिसका नाही, दोष नाही. ताशी ३० वरून यार्डमध्ये ब्रेक : पायाच्या नेहमीच्या जोराला गाडी सहा-सात मीटरमध्ये थांबली. मग पंपाचा फ्यूज काढून, पेडल मारून टाकी रिकामी केली आणि तोच जोर लावला. गाडी दुपटीहून जास्त पुढे गेली. बझर तोवर वाजतच होता. बूस्टर नसताना दोन्ही पायांनी दाबावं लागतं, हे भाऊजींना प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं.

बाहेर आल्यावर टाकीचा कॉक उघडला. या वेळीही थेंबभर पाणी निघालं, पण ते तळाशी साचलेलं होतं, पंपात गेलेलं नव्हतं.

२१ डिसेंबर, निफाड

गाडी फ्लॅटबेडवर कसारा घाटाने आली. पहाटे ओट्यावरचा थर्मामीटर ६ अंश. आणि पंप बंदच होईना.

गळती शोधण्यात सकाळ गेली. एकही सांधा गळत नव्हता. काटा २१.५ वर अडकलेला, स्विच २२ ची वाट बघत होता.

उत्तर थंडीत नव्हतं, उंचीत होतं. गेज जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या तुलनेतला असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे ३० इंच पाऱ्याइतका असतो आणि दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी होतो. निफाड साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, म्हणजे इथे २८. ठाण्याला २४ दाखवणारा पंप इथे फार तर २२.४ दाखवणार, आणि थंड बॅटरीवर त्याहून कमी. ठाण्यात लावलेला स्विच इथे कधीच सुटणार नव्हता. दिवसभर चालून पंप जळाला असता.

स्विच नव्याने लावला : १५ ला चालू, १९ ला बंद. बझरचा १२ तसाच. यामुळे साठा थोडा घटला, पण टाकी मोठी असल्याने चार दाब मिळतात. उंच प्रदेशासाठी काम करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा. लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचाच दाब १९-२० इंच उरतो, माझा पंप तिथे १५-१६ च्या पुढे जाणार नाही, आणि बूस्टरची मदतही त्याच प्रमाणात कमी होणार. तिथे असा साधा स्विच लावू नये. निरपेक्ष दाब मोजणारा सेन्सर लावावा आणि पंप ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालला तर तोडणारा टायमर.

घरातले आबा उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, पंपच बंद पडला तर? मग भाऊजी, आबा आणि पुतण्या, तिघांनाही सपाट वाटेवर फ्यूज काढून गाडी थांबवायला लावली. बझर वाजल्यावर काय करायचं ते आता तिघांच्या पायाला माहीत आहे.

२९ डिसेंबर, फोनवरून

थंडी वाढली. भाऊजींनी सांगितलं की पहाटे ४ अंश होते, पिवळा दिवा उन्हं वर येईपर्यंत पेटलेला होता, ब्रेक नेहमीसारखे. एकदा बझर क्षणभर वाजला. क्रेट उतरवताना कोणीतरी स्विचची वायर ओढली होती. वायर तुटल्यावर तो वाजतो हे बरं, पण वायरला आता लोखंडी नळीतून नेलं पाहिजे.

१० जानेवारी

सुटे भाग आणि मजुरी मिळून सुमारे १२,३०० रुपये, फ्लॅटबेडचं भाडं वेगळं, आणि तेच सगळ्यात महाग पडलं. ज्यांच्या जवळ थंड जागा आहे त्यांचा हा खर्च वाचेल.

बाकी राहिलेलं : स्विचची वायर नळीतून घेणे, पंपाला टायमर, मागच्या उजव्या ड्रमचा लेथ. खुडा संपल्यावर एप्रिलमध्ये गाडी परत आणेन तेव्हा व्हेन पंप उघडून आत किती गंज आहे ते बघायचं आहे. आठवड्यातून एकदा टाकीचा कॉक उघडायचं काम पुतण्याकडे दिलं आहे. निघालेलं पाणी तो एका बाटलीत जमवतो, म्हणजे हंगामभरात किती पाणी आत आलं ते एप्रिलमध्ये मोजता येईल.